नू. ते.

रजिस्टरात तिसरा रकाना: केव्हापासून.
त्यात डॉक्टर शिधये कधी कधी नुसतं लिहायचे, नू. ते.
पहिली दोन वर्षं मला ते औषधच वाटलं.
कपाटात शोधलंही मी,
नेट्रम आणि नक्सच्या मधल्या फळीवर.

चष्मा कपाळावर ढकलून हसले.
नूदिउस तेर्तिउस, भार्गवा. लॅटिन आहे.
म्हणजे परवा.
पण फक्त गेलेला.

इमली बाजारात कुणी परवा म्हणतं, कुणी परसों,
आणि दोन्ही शब्द दोन्हीकडे तोंड करून उभे,
देवळाबाहेरच्या चपला सांभाळणाऱ्यासारखे:
आत चाललाय की बाहेर आलाय,
त्यांना फरक नाही.
डॉक्टरांना होता.
येणाऱ्या परवासाठी तिकडे वेगळा शब्द आहे, म्हणायचे,
पेरेंदिए.
ऐकायला आपल्या परवाची मावसबहीण.
तो रजिस्टरात कधीच आला नाही.
पुढच्या तारखेपासून दुखतंय असं कोण सांगतं?

कोश पिपली बाजारच्या रद्दीतला, वजनावर घेतलेला,
पाठीला मांजरपाटाची पट्टी.
दुपारी कुणी नसलं की
पुडीचा कागद उलगडावा तसा शब्द उलगडायचे.
नुंक, आत्ता. दिएस, दिवस. तेर्तिउस, तिसरा.
आत्ता दिवस तिसरा.
मागे वळून बघत नाहीत बघ हे लोक,
आजवर बोट ठेवतात
आणि आजही मोजतात.
आपण सुतक धरतो तसं.

चौथा, पाचवा असंही चालतं म्हणे.
एका जुन्या भाषणात तर थेट तेरावा.
त्याच्या पुढचा मला दिसला नाही, म्हणाले,
आणि गोळ्या मोजायला लागले.

सोमवारी रात्री गेले.

आज सकाळी पंचकुइयाला
देवासचा पुतण्या हेरंब आणि मी.
राख अजून कोमट होती.
तिथल्या माणसानं विचारलं, कब के हैं?
हेरंब म्हणाला, परसों के.
मी मनात म्हटलं, आत्ता दिवस तिसरा.
बत्तीस वर्षं ऐकलेला शब्द
पहिल्यांदा वापरला,
आणि तो चपखल बसला, याचाच राग आला.

परत येऊन दवाखान्याचं शटर अर्धं वर केलं.
कचरागाडी गाणं वाजवत थांबली.
पोरगा आत डोकावून म्हणाला,
रजिस्टर फेंकने हों तो सूखे में डालना.
म्हटलं, नाही फेकायचे.

मग जमनाबाई चौकसे, वाकून, शटरखालून,
हातात रिकामी डबी.
डॉक्टरसाब ने परसों बुलाया था.

मला वाटलं हिला कळलंय.
परसों मी चुकीच्या बाजूनं ऐकला.
सोमवारी सकाळी तेच तिला म्हणाले होते,
मीच पुडी बांधत होतो:
परवा या, औषध बदलू.
तर तिचा परवा आज उगवला होता.
माझा आज तिसऱ्या दिवसाचा झाला होता.
एकाच शटरखाली आम्ही दोघं,
ती त्या टोकाकडून मोजत आलेली,
मी या टोकाकडून.
याला कोशात काही आहे का,
हे आता कुणाला विचारू.

स्टूल दिलं. सांगितलं.
डबीचं झाकण ती लावत राहिली, उघडत राहिली.
फिरकीचे आटे झिजलेले, बसतच नव्हतं.
मग हळूच म्हणाली,
तो अब कब आऊँ?

तोंडात परवा आलाच होता.

हाताला सवय, रजिस्टर ओढलं.
नाव लिहिलं. जमनाबाई.
तक्रार: काही सुचलं नाही, रेघ मारली.
तिसऱ्या रकान्यात मात्र
पेन थांबलं नाही.